प्रोग्रामचा प्रवेश

रविवार, संध्याकाळ. सोलापूर.

आज केतकीने, माझ्या लेकीने, स्वतः लिहिलेला बुद्धिबळाचा संगणक प्रोग्राम आमच्या बुद्धिबळ क्लबात आणला. त्याने आम्हा सगळ्यांना हरवलं. यंत्रमागावरचं काम सोडल्यापासून रोज खेळणारे नरसय्यामामाही हरले, आणि वर पोट धरून हसले. म्हणाले, "लई भारी खेळतंय की. राष्ट्रीय स्पर्धेत उतरवा याला."

यावरून वाद पेटला. मी म्हणालो, उतरवावंच. खरं तर लेकीचं नाव पेपरात येईल, एवढंच डोक्यात होतं. दहावीत एक डाव हरून ती रडली, तेव्हापासून पटाला तिने हात लावला नव्हता.

केतकीच म्हणाली, "नको बाबा. हरलं तरी त्याला काही वाटणार नाही. मग ती स्पर्धा कसली? सरावाला ठेवा त्याला."

"मग तू उतर की," मामा म्हणाले. तिने लॅपटॉप मिटला.

घरी येताना स्कूटरवर मागून हळूच म्हणाली, "जिल्हा निवडीचा फॉर्म कुठे मिळतो?"

मामांचं ते हरून हसणं पाहिलं, म्हणून का? विचारलं नाही. फॉर्म माझ्याच कपाटात होता, दरवर्षी तिच्यासाठी आणून ठेवायचो. आत्ता ती जेवणाच्या टेबलावर पट मांडून मला हाका मारतेय. जातो.