डॉट गुरुवारच्या ट्रकने का आली नाही

टॅनुंडा,
द्राक्षतोडणीचे दिवस, गुरुवार, दुपार

वडीलधाऱ्या मर्टल काकूस ब्रोडीचा आदरपूर्वक नमस्कार.

मी इकडे ठीक आहे. तूही ठीक असशील असं धरून चालतो, कारण ठीक नसतीस तर गेल्या पत्रात मला इतक्या जोमाने शिव्या घालता आल्या नसत्या. गुडघा कसा आहे? पाण्याच्या टाकीला पडलेलं भोक मर्व म्हणतो तसं खरंच च्युइंगगमने बुजवलंस का? (मर्वचं सगळं खरं मानू नये, पण हे तुझ्या हातचं वाटलं.) उरलेल्या तीस मेंढ्यांना माझी आठवण सांग. त्यातला काळा म्हातारा मेंढा अजून जिवंत असेल तर त्याला सांगू नकोस.

तुझ्या पत्रात काम एकच होतं. सात महिन्यांपूर्वी 'आठवडाभर, रस्त्याला सोबत' म्हणून नेलेली क्लेम काकांची कुत्री डॉट या गुरुवारी मर्वच्या मेंढ्यांच्या ट्रकमधून विल्कॅनियाला परत पाठव, घर फार गप्प झालंय, असं. बाकीचं पत्र माझ्या स्वभावाबद्दल होतं, ते मी वरवर चाळलं. तर मर्व आला आहे. आत बसून जेवतो आहे. त्याच्या हाती हे पत्र येईल, डॉट येणार नाही. का, ते सविस्तर लिहितो. शाळेने मला नववीत सोडलं की मी शाळेला, हा वाद अजून मिटलेला नाही, तेव्हा चुका दिसल्या तर त्या शाळेच्या खात्यावर टाक.

कारण असं की डॉट बिघडली. तू ओळखत होतीस ती कुत्री आता उरलेली नाही, तुला तिचा मनस्ताप होईल, आणि या वयात तुला मनस्ताप देणं माझ्या जिवावर येतं.

पहिलं बिघडणं रस्त्यातच सुरू झालं. काका हयात असताना ती पिकअपच्या मागच्या हौद्यात बसायची, धूळ खायची, तक्रार नाही. मी एकटा होतो म्हणून विल्कॅनियाच्या पुलापाशी तिला पुढे घेतली, तेवढंच बोलायला कोणी. ब्रोकन हिलला एक पाद्रीबाबा भेटले. त्यांची गाडी बंद पडली होती आणि पीटरबरोला त्यांना कोणाचं तरी लग्न लावायचं होतं. मी म्हटलं, या. डॉटला म्हटलं, उतर. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पाद्रीबाबांकडे पाहिलं, आणि खिडकीबाहेर पाहू लागली. मी ओढून पाहिलं, पाद्रीबाबांनी विनवून पाहिलं. शेवटी देवाचा माणूस मागे हौद्यात बसला, तीन तास, दोन्ही हातांनी टोपी धरून, चेहरा सगळा लाल मातीचा. उतरताना काचेवर टकटक करून मला म्हणाले, "पोरा, लग्नं लावण्यात मी पुष्कळ वर्षं घालवली. तुझ्याएवढं बायकोला घाबरणारा पाहिला नाही." त्या लग्नाचं पुढे काय झालं कळलं नाही.

दुसरं बिघडणं खाण्याचं. इथल्या खाणावळींत कुत्र्यांना आत घेतात, एवढंच नाही, त्यांच्यासाठी वेगळं मेनूकार्ड असतं. पहिल्या पगाराच्या दिवशी मी तिला घेऊन अँगस्टनच्या एका बऱ्यापैकी हॉटेलात गेलो. वाढणारी पोरगी हसऱ्या तोंडाची होती, त्यामुळे मी कार्ड नीट वाचलं नाही (आणि वाचून तरी काय). तिने दोन ताटल्या आणल्या, एक टेबलावर ठेवली, एक खाली. टेबलावरच्यात कांगारूचा खिमा, उकडलेला लाल भोपळा आणि वर कोथिंबिरीसारखं हिरवं काहीतरी. मीठ कमी होतं, पण चव नंबरी. मी चाटूनपुसून खाल्लं आणि पोरीला म्हटलं, "अजून एक आण." ती हळूच म्हणाली, "साहेब, ते कुत्र्याचं होतं." खाली पाहतो तर डॉट माझ्या चपट्या तळलेल्या डुकराच्या मांसाचा शेवटचा तुकडा लिंबासकट चघळत होती. डॉटबाई आता उकडलेल्या हाडाला तोंड लावत नाही. मी दुसरी ताटली मागवली का, असं तू विचारशील. मागवली. भूक होती.

आता तिसरं आणि मुख्य, वाइनचं. मी ज्यांच्या मळ्यावर कामाला आहे त्या नॉस्केबाई पाच पिढ्यांच्या जर्मन. दर रविवारी सगळ्या गड्यांना लांबच लांब टेबलावर जेवू घालतात, शेपू घातलेल्या आंबट काकड्या आणि गोड पाव, आणि ताटात काही उरलं तर आजारी आहेस का विचारतात. त्यांच्याकडे वाइन चाखायची एक खोली आहे, तिथे शहरातली माणसं येतात. इकडची रीत अशी की अशा प्रत्येक खोलीच्या दारात एक कुत्रं झोपलेलं असावं लागतं. लोक त्याला ओलांडून आत जातात, येताना त्याचे फोटो काढतात. बाईंचं आधीचं कुत्रं म्हातारपणाने गेलं, म्हणून ती जागा डॉटला मिळाली. झोपण्याची नोकरी, काकू! मी आयुष्यभर शोधतोय ती. आणि मिळाली कोणाला, तर मेंढ्या वळणाऱ्या केल्पी जातीच्या कुत्रीला, जिचा डोळा लागला तरी पाय पळत असतात.

खोलीतला कारभार ज्युलियन पाहतो. हा सिडनीत शिकून आलेला, पातळ मिशीचा, वाइन तोंडात घेतो, गुळण्या करतो आणि बादलीत थुंकतो. (पहिल्या दिवशी मला वाटलं बिघडलीय, म्हणून मी सगळी ओतून दिली. त्याबद्दल आणखी लिहीत नाही.) मग सांगतो, हिच्यात आलुबुखार आहे, हिच्यात ओल्या मातीचा वास आहे. मला म्हणाला, तुला कसला वास येतो सांग. मी म्हटलं, काकांचं खोगीर उन्हात ठेवल्यावर येतो तसला वास. त्याने वहीत लिहून घेतलं आणि आता गिऱ्हाइकांना 'जुनं खोगीर' म्हणून तीच वाइन पाजतो.

तर गेल्या महिन्यात अ‍ॅडलेडहून दातांच्या डॉक्टरांची सहल आली. बावीस जण. मी खोकी उचलायला आत होतो, डॉट दारात नोकरी करत होती. ज्युलियनने सगळ्यांच्या हातात ग्लास दिले आणि म्हणाला, "मंडळी, देठाला धरा आणि मनगटातून हळूच गोल फिरवा." आता तुला सांगायला नको की काकांचे पुढचे दात त्या काळ्या मेंढ्याने पाडल्यापासून त्यांना शीळ वाजवता येत नव्हती, म्हणून त्यांनी डॉटला हातावर शिकवली. मनगट गोल फिरवलं की कळपाला वळसा घाल. पंजा वर केला की जिथे आहेस तिथे बस. हे तुला माहीत, मला माहीत, डॉटला माहीत. ज्युलियनला कोणी सांगायचं?

बावीस मनगटं एकदम फिरली. डॉटने मान उचलली. सहा महिने बिनकामाची, आणि एकाएकी बावीस मालक एकच हुकूम देताहेत! ती भुंकली नाही, धावलीसुद्धा नाही. पोट जमिनीला लावून भिंतीकडेने सरकली आणि डोळे रोखले. आधी एक जाडे डॉक्टर अर्धं पाऊल मागे सरले, मग त्यांची बायको, मग त्या दोघांना धरून बाकीचे, आणि मी खोकं खाली ठेवेपर्यंत सगळे कोपऱ्यात, पिंपांना चिकटून, ग्लास डोक्यावर धरून. थेंब सांडला नाही कोणाचा. एका बाईंनी काही विचारायला हात वर केला, तशी डॉट जागेवर बसली. ज्युलियनला हायसं वाटलं. म्हणाला, "घाबरू नका, गंमत करते ती. हं, पुन्हा एकदा फिरवा आणि वास घ्या."

घाबरलेली शहरी माणसं सांगितलेलं ऐकतात. पुन्हा फिरवलं. या खेपेला डॉटने त्यांना मागच्या दाराने बाहेर काढलं, अंगणातून नेलं आणि द्राक्षांच्या पाट्या धुण्याच्या कुंपणात आणून घातलं. इथे माझी चूक झाली, ती मी मान्य करतो. आपल्याकडे वाढलेल्या माणसापुढे शेवटचं जनावर आत गेलं की हात आपोआप फाटकाकडे जातो. मी फाटक लावलं. कडी घातली. आणि सवयीने मोजलं. तेवीस भरले. ज्युलियनही आत होता.

नॉस्केबाई धावत आल्या. "ब्रोडी, माझी गिऱ्हाइकं कुठायत?"

"आत आहेत बाई. तेवीस. एक जरा लंगडतोय."

बाई तुझ्याइतक्या चांगल्या शिव्या देतात, फक्त जर्मनमध्ये. तेव्हापासून डॉटची दाराची नोकरी गेली. दिवसभर ती स्वयंपाकघरापाशी असते, तिथे आचारी तिला सॉसेजची टोकं घालतो, आणि ती फुगत चालली आहे. आता तूच सांग, पाद्र्याला हौद्यात बसवणारी, लिंबू खाणारी, डॉक्टर कोंडणारी ही कुत्री तुला कशाला? तुझ्या भल्यासाठी मी हा त्रास स्वतःकडे ठेवून घेतो. उपकार मानू नकोस.

गुडघ्याला शेक दे. मोठ्यांना मान, लहानांना धाक.

तुझा आज्ञाधारक पुतण्या,
ब्रोडी

ता.क. मर्वने दुसऱ्यांदा वाढून घेतलं, म्हणून वेळ आहे, तर खरं लिहितो. डॉट बिघडलेली नाही. गेल्या रविवारी नॉस्केबाईंच्या भावाच्या चारशे मेंढ्या डोंगरउतारावर पांगल्या होत्या. तिने एका वळशात खाली आणल्या. तो म्हातारा टोपी काढून उभा राहिला. तेव्हा वर जिथे 'बिघडली' असेल तिथे काट समज. मी खोडलं असतं, पण पान घाण दिसतं.

दुसरा ता.क. हे लपवणार होतो, पण मर्व सांगेलच. सकाळी ट्रक आला, मेंढ्यांचा वास लागला आणि डॉट मी काही न बोलता केबिनमध्ये चढून बसली. मर्व म्हणाला, "चल, हिचं सामान आण." मी आणलं नाही. मी तिला हाक मारली. ती उतरली. तेव्हापासून माझ्याकडे पाठ करून बसली आहे.

तिसरा ता.क. मर्व हॉर्न वाजवतोय. तोडणी संपेपर्यंत तिला राहू दे, काकू. पाच आठवडे. मी दोन महिन्यांवर कुठे टिकत नाही असं तू दर पत्रात लिहितेस. इथे सात झाले, ते माझ्यामुळे नाही. दोनदा मी बॅग गाडीत टाकली होती. दोन्ही खेपेला ही फाटकात आडवी आली आणि मला वळवून खोलीच्या दाराशी आणून सोडलं. तुझ्याकडे काकांची खुर्ची आहे, भांडायला शेजारी आहेत. मला माघारी वळवणारं इथे दुसरं कोणी नाही. तरी नाहीच म्हणायचं असेल तर मर्वकडे निरोप दे. मी कुरकुर न करता तिला स्वतः आणून सोडीन. पण मग मीही तिथेच राहीन, आणि मी किती जेवतो ते तुला ठाऊक आहे.