टाकीचा चमचा

२ नोव्हेंबर, रविवार

पोचले बाई एकदाची! भंडाऱ्याहून नागपूर, नागपूरहून रात्रभर बस, स्वारगेटला उतरल्या उतरल्या रिक्षावाल्याशी भांडण, आणि तेही जिंकले. आता सदाशिव पेठेत, तिसऱ्या मजल्यावर, माझ्या स्वतःच्या खोलीत बसून लिहितेय. भाडं नाही. त्याऐवजी घरमालकीणबाई शालनताई पेंढारकर यांच्या टाकीची निगा राखायची. माझी नोकरी घरूनच करायची आहे, त्यामुळे हे तर सोन्याहून पिवळं.

टाकी म्हणजे गच्चीवरची नव्हे, समुद्राची! हॉलच्या भिंतीला लागून सहा फुटी काच, आत खारं पाणी, चार मासे आणि जिवंत प्रवाळ. जांभळं, हिरवं, शेंदरी. मी समुद्र आजवर एकदाच पाहिलाय, दादरला, सहा डिसेंबरच्या गर्दीत आईचा पदर धरून. आज अर्धा तास काचेसमोर नुसती खुळ्यासारखी उभी होते.

शालनताई पंच्याहत्तरीच्या. वॉकर धरून चालतात, नऊ वर्षांत जिना उतरलेल्या नाहीत. हाडं ठिसूळ झालीत म्हणाल्या. फोनवर त्यांनी आडनाव विचारलं होतं, गजभिये म्हटल्यावर 'म्हणजे नेमके कुठले' हेही. मी समजायचं ते समजले. पण खोली दिली ना? मग झालं तर.

५ नोव्हेंबर, बुधवार

टाकीचं काम शिकले. बीएस्सी केमिस्ट्री शेवटी कामी आली म्हणायची. प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम ओढून आपला सांगाडा बांधतं, म्हणून ते रोज परत घालावं लागतं. कॅल्शियम चारशे वीस, क्षारता साडेआठ, आकडे हलता कामा नयेत. चारशे वीसवर मी फिस्सकन हसले, शालनताई हसल्या नाहीत. चाचणी सोपी आहे. नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब मोजत औषध टाकायचं, गुलाबीचं निळं झालं की थांबायचं. मग सकाळी कॅल्शियमची बाटली आणि संध्याकाळी क्षाराची. दोन्ही एकदम ओतल्या तर पांढरा गाळ होऊन तळाशी बसतात, कामाच्या राहत नाहीत. शिवाय जेवढं पाणी उडून जाईल तेवढी चुन्याची निवळी, टाकीसाठी वेगळा ठेवलेल्या लांब चमच्यानं ढवळून.

चुन्याची निवळी! मला इतकं घरच्यासारखं वाटलं. आई अंगणवाडी सेविका, गरोदर बायांना कॅल्शियमच्या गोळ्या वाटण्यात तिचा जन्म गेला. घरात कुणाचं काही दुखो, निवळीचा चमचा हातात ठेवलाच.

टाकीशेजारी भिंतीवर सूचनांचा कागद आहे, लाल शाईत. माशांशी गप्पा मारू नयेत, त्यांना वेळ नाही. काचेवर बोटं उमटवू नयेत, पुसायला माणूस ठेवलेला नाही. इथपर्यंत गंमत होती. शेवटच्या सूचनेखाली दोन रेघा: टाकीचा चमचा उष्टा करू नये, विशेषतः बाहेरगावच्यांनी.

डोक्यात तिडीकच गेली. बाहेरगावच्यांनी म्हणे! सरळ लिहा ना काय ते. आमच्याकडे एका ताटात चौघं जेवतात. शिवाशिव ज्यांनी काढली त्यांनाच ती लखलाभ.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज जरा आगाऊपणा केला. पण मला पश्चात्ताप नाही.

दिवसभर खुर्चीत बसून कंबरेचा पार भुगा झालाय. आई फोनवर म्हणाली, निवळी घे चमचाभर, पाण्यातून. निवळीची बरणी टाकीपाशीच असते आणि तिच्यातला खायचा चुना मीच मंडईतून आणलेला. शालनताई समोर पेपर वाचत होत्या. मी मुद्दाम टाकीचाच चमचा घेतला, पेल्यात निवळी ढवळून प्यायले, चमचा चाटूनपुसून घेतला आणि न धुता टाकीत बुडवून हलवला. म्हटलं, बघू या आता काय बोलतात.

त्यांनी पेपर खाली केला. डोळे भरून आले होते त्यांचे. बरं केलंस हो, एवढंच म्हणाल्या. मग माझीच मला लाज वाटली. म्हातारीला दुखावलं की काय?

१५ नोव्हेंबर, शनिवार

शालनताई गेल्या! नाशिकला, मुलीकडे. वॉकर हॉलमध्येच. तीन मजले स्वतःच्या पायांनी उतरल्या, प्रत्येक पायरीवर हसत. शेजारच्या मथुराबाई दारात आ वासून उभ्या. मला खरंच भरून आलं. घरात कुणी सोबतीला आलं की माणूस असा हुशारतो.

आणि अख्खं घर माझं!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑफिसच्या कामापायी दोन दिवस टाकीत काहीच घातलं नाही. आता प्रवाळ मेलं असणार आणि शालनताई मला नाशिकहून येऊन फाडून खाणार, असं धरूनच चाचणी केली. कॅल्शियम चारशे वीस, क्षारता साडेआठ. तिसऱ्या दिवशी मुद्दाम काही घातलं नाही. आकडे तेच.

प्रवाळ मात्र वाढलंय. प्रत्येक फांदीला बोटभर नवं पांढरं टोक. ते बांधायला कॅल्शियम आलं कुठून? हवेतून तर येत नाही. विचार करायला हवा होता. पण आळशी माणसाला काम वाचल्याचाच आनंद जास्त.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

भाकरी चावताना दाढेचा तुकडा पडला. भाकरी चावताना! दोन दिवसांपासून बोटांना मुंग्याही येताहेत. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर शेफाली नावाची माझ्याच वयाची मुलगी आहे. रक्त तपासलं. कॅल्शियम इतकं कमी की तिनं रिपोर्ट दोनदा वाचला. दूध पीत नाही का, बाळंत झालीस का, असं काय काय विचारलं. मोठ्या डोसच्या गोळ्या दिल्यात, दिवसातून तीन.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दोन दिवस गोळ्या घेतल्या. टाकीत एक थेंब घातला नाही.

आज टाकीचं कॅल्शियम चारशे पंचेचाळीस.

तीनदा मोजलं. थेंब मोठ्यानं मोजले, चूक नको म्हणून. चारशे पंचेचाळीस. माझ्या गोळ्या तिथे गेल्या. मी गिळल्या आणि तिथे गेल्या. हे लिहिताना मला वेड लागल्यासारखं वाटतंय, पण नळीतला रंग खोटं बोलत नाही.

मला भीती वाटतेय. रविवारी घरी जाते. टाकीचं काय व्हायचं ते होवो.

३० नोव्हेंबर, रविवार

गेले नाही. जाता आलं नाही.

दुपारी बॅग घेऊन उतरले. रिक्षात बसले तोवर ठीक. टिळक रस्त्याला ओठ बधिर झाले. मग बोटं आपोआप आत वळली, सरळ होईनात. स्वारगेट दिसायला लागलं तसा घसा आवळला. श्वास आतच येईना. रिक्षावाला घाबरून मोठ्या दवाखान्यात नेतो म्हणाला. मीच हातानं मागे, मागे, अशी खूण केली. आपल्या गल्लीत शिरलो आणि बोटं सुटली.

जिना चढताना पावलात कट्कन आवाज झाला. पाय टेकत नाही. शालनताईंचा वॉकर आता मी वापरतेय.

१ डिसेंबर, सोमवार

टाकी मारायची ठरवली. व्हिनेगर ओतलं. आम्लानं प्रवाळ विरघळतं.

एकच पेला ओतला. माझीच हाडं आतून पेटली. जमिनीवर पडून ओरडत होते. मथुराबाईंनी भिंतीवर थाप मारून आवाज कमी करा म्हणून सांगितलं.

ती मेली तर मीही. असं आहे तर.

२ डिसेंबर, मंगळवार

शालनताईंनी फोन उचलला. आवाज ठणठणीत. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी विचारलं, काही न घालता आकडे टिकताहेत ना? मी हो म्हटलं. मग लागली म्हणायची तिला तुझी चव, म्हणाल्या.

सगळं सांगितलं त्यांनी, अगदी पाककृती सांगावी तसं. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्याकडून चमचा उष्टा झाला होता, चुकून. टाकी ज्याचं उष्टं खाते त्याचीच होते. दुसऱ्याचं मिळालं की पहिल्याला सोडते. मात्र दुसऱ्यानं ते आपल्या मनानं द्यावं लागतं, बळजबरी चालत नाही. माझ्याआधी दोन मुली ठेवल्या होत्या, पेठेतल्याच. दोघींनी सूचना निमूट पाळली. म्हणून या वेळी म्हणे अशी मुलगी शोधली जिला ती सूचना वाचून राग येईल.

माझा राग! त्यांनी माझं आडनाव विचारलं ते यासाठी.

शेवटी सल्लाही दिला. कागद तसाच ठेव, एखादी मुलगी आण. तुला कळेलच काय लिहिलं की कोण चिडतं ते.

कागद फाडला. बारीक तुकडे केले. मी हे कुणालाही करणार नाही. इथे लिहून ठेवते. कुणालाही नाही.

४ डिसेंबर

आणखी दोन दात. मनगट सुजलंय, बाराखडी गिरवल्यासारखं अक्षर येतंय. आईला फोनवर बरी आहे म्हटलं. तिनं आवाजावरून ओळखलं. सहाला दादरला जाणारा जथा सोडून ती इकडे येतेय. नको म्हटलं. ऐकते कुठे.

मला जगायचंय. घरी जायचंय. बाकी काही नको.

५ डिसेंबर

आई आली. मला पाहून दारातच खाली बसली.

सांगायचं नव्हतं. पण तिनं डोकं मांडीवर घेतलं आणि मी लहान मुलीसारखी सगळं बोलत गेले. चमचा, शालनताई, सगळं. ती हसली नाही, वेडी म्हणाली नाही. गोळ्यांची पाकिटं उलटसुलट करून पाहिली. मग चाचणी कशी करतात ते विचारलं. मी दाखवलं. थेंब मोजायला शिकली लगेच.

कोणता चमचा, असंही विचारलं.

मी हात जोडले. उद्या सकाळी परत जा म्हटलं, माझी शपथ घातली. हौ, म्हणाली. हौ म्हणाली ती.

६ डिसेंबर

जिन्यात बसून लिहितेय.

सकाळी आई म्हणाली, जरा खाली उतरून बघ, जमते का. दुसऱ्या मजल्यावर लक्षात आलं, वॉकर वरच राहिला. पाऊल दुखत नाही. बोटं सरळ.

वरून कडीचा आवाज.

धावले. मी धावले! दाराबाहेर माझी बॅग. वर ही वही, एका फडक्यात भाकरी.

दार वाजवतेय. आई आतून म्हणते, ओरडू नको, लोक जमतील. म्हणते, माझ्या हाडाले एकसष्ट वर्षं झाली, तुझी अजून कोवळी. म्हणते, दुपारची गाडी पकड. मी दार फोडीन म्हटलं. म्हणाली, मग काय करशील, परत चमचा चाटशील? माझ्या डोळ्यांदेखत?

मी काही बोलले नाही. का नाही बोलले? हो म्हणायचं होतं. लगेच म्हणायचं होतं —

आत थेंब मोजतेय. मोठ्यानं. अकरा, बारा —

टिळक रस्त्यापर्यंत जाऊन आले. फक्त बघायला. श्वास लागला नाही. पुढेही गेले थोडी. मग परत आले. आले ना मी परत?

आई, मी इथेच आहे. मी दार वाजवते. आता वाजवते.

हात उचललाय. केव्हाचा उचललाय. वाजवत नाहीये तो.

दुसऱ्या हातात बॅग आहे. ती कधी घेतली —

खाली रिक्षा थांबलीय. मीच बोलावली का, मी फक्त एक दिवस, आई, डॉक्टर घेऊन लगेच —