टायर राहू दे, आधी पायरी

रविवार संध्याकाळ, बदलापूर

सेकंडहँड फोर बाय फोर जीप घेतल्यापासून माझ्या डोक्यात नुसते मोठे टायर. पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबांना तिच्यात चढताच येईना. "तुम्ही फिरा, मी घरीच बरा," म्हणाले. ते मनाला लागलं. टायर काय, पुढेमागे होतीलच. आज उल्हासनगरच्या वेल्डरकडून भंगारातल्या पाइपची पायरी आणि आत धरायला दांडा लावून घेतला. स्वस्तात झालं. पण बाबा बसतील का?

घरी आलो. बाबांनी दांडा धरला आणि चढले की! मी हात दिला तर म्हणाले, "सोड रे, जमतंय."

मग दोघं बारवी धरणाच्या बाजूला निघालो. डांबर संपून पुढे चिखल लागला, तसा मी ब्रेक दाबला.

"थांबलास काय? चिखलातून घाल!"