न जन्मलेल्या घड्याळजींचे नाव यादीतून काढण्याबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
वैयक्तिक माहिती संरक्षण कार्यालय, दुसरा मजला.

विषय : अस्तित्वात नसलेल्या गृहस्थांमुळे अस्तित्वात असलेल्या आत्याला येणारे फोन थांबवण्याबाबत.

संदर्भ : माझा पहिला अर्ज व त्यावर आलेले ‘अर्जदार बाधित व्यक्ती नाही’ हे आपले उत्तर.

महोदय,

१. मी रसायनशास्त्राची पदवीधर असून छपरे दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत पुरवठादारांची पडताळणी करते. ज्यांचे छप्पर गळते अशा लोकांची नावे व नंबर तीन पुरवठादार त्यांच्या वेबसाइटवरून गोळा करून आम्हाला देतात. ही माहिती ते फक्त आम्हाला देतात की गावभर वाटतात, हे शोधणे माझे काम आहे.

२. त्यासाठी मी एक प्रयोग रचला. निवृत्त घड्याळजी असा एक गृहस्थ कल्पनेने तयार केला आणि तिन्ही वेबसाइटवर त्याचा फॉर्म भरला. ‘आपण स्वतः छपरावर का चढत नाही?’ या रकान्यात पहिल्याला कळवले की गुडघे दुखतात, दुसऱ्याला की चक्कर येते, तिसऱ्याला की शिडी धरायला येणाऱ्याला कुत्रा चावतो. पुढे जो कोणी फोन करील, त्याच्या चौकशीवरून माहिती कोणी फोडली ते कळणार होते. रचना निर्दोष होती, असे मला अजूनही वाटते.

३. चूक नंबरात झाली. माझा नंबर पुरवठादारांच्या ओळखीचा असल्याने मी आत्याचा दिला. मी तिच्याकडेच राहते. तिची परवानगी घेतली होती. मात्र ‘एखाददुसरा फोन येईल गं’ असे सांगून घेतली होती. मोजमापाचे शिक्षण घेतलेल्या व्यक्तीने ‘एखाददुसरा’ हे एकक वापरावे, याची मला लाज वाटते.

४. निष्कर्ष लवकर मिळाला. गुडघ्यांच्या तेलवाल्यांचे, चक्करवाल्या डॉक्टरांचे आणि कुत्र्यांच्या प्रशिक्षकांचे फोन सुरू झाले. तिन्ही पुरवठादार माहिती विकतात. मी आनंदाने अहवाल दिला. साहेब म्हणाले, “तिघेही चोर म्हणतेस, मग गळकी छपरं तू शोधून आणणार का?” अहवाल ड्रॉवरमध्ये गेला. फोन चालू राहिले.

५. माझी आत्या सुईण आहे. अनोळखी नंबर उचलू नकोस, असे मी तिला सुचवून पाहिले. ती म्हणाली, “कळा ओळखीच्या नंबरावरूनच येतात, असं कुठल्या पुस्तकात वाचलंस?” नंबर बदलणेही शक्य नाही, कारण तो परिसरातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. गेल्या आठवड्यात सुताराच्या सुनेला कळा सुरू झाल्या, तेव्हा आत्याच्या फोनवर एक प्रशिक्षक होता आणि आमच्या नसलेल्या कुत्र्याचा स्वभाव विचारत होता. सुतार धापा टाकत दारात आला. आत्या वेळेत पोचली, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. परंतु सुतार पाठच्या गल्लीत राहतो. सगळेच पाठच्या गल्लीत राहत नाहीत.

६. पहिल्या अर्जाच्या उत्तरात आपण कळवलेत की, माहिती ज्याची त्यानेच अर्ज करावा. तो हयात नसल्यास मृत्यूचा दाखला जोडावा. हे मी घरी वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी तेलवाल्याने घड्याळजी काकांची चौकशी करताच आत्याने सांगितले, “ते गेले हो.”

७. यामुळे उपद्रव वाढला. समाधीचे दगड घडवणारे, एकटेपणावर वर्ग घेणारे आणि विधवांसाठी विमा काढणारे फोन करू लागले. आत्या अविवाहित आहे. “लग्नाचा पत्ता नाही आणि थेट वैधव्य!” असे ती मला ताट वाढताना ऐकवते. “माणूस तू घरात आणलास आणि सरबराई माझ्या गळ्यात,” हे वेगळे.

८. शेवटी काल मी त्याच तीन वेबसाइटवर पुन्हा फॉर्म भरले. घड्याळजी वारले, घर भाचीला मिळाले, जुना नंबर बंद झाला, यापुढे भाचीशी बोलावे. सोबत माझे खरे नाव आणि माझा नंबर दिला. प्रयोग म्हणून नव्हे, भरपाई म्हणून. आज सकाळपासून आत्याच्या फोनवर फक्त एका गरोदर बाईचा फोन आला. माझा फोन खाली ठेवता येत नाही. हा अर्ज लिहीत असताना एकाने गुडघ्यांबद्दल विचारले. माझे ठीक आहेत म्हटल्यावर तो म्हणाला, “आत्ता ठीक वाटतात, ताई. हे घराण्यातच असतं.”

९. तरी आता बाधित व्यक्ती खरी आहे, हयात आहे आणि अर्ज तिने स्वतः केला आहे. आपल्या उत्तरातील अट पूर्ण झाली, असे मी मानते. माझे व घड्याळजींचे नाव आणि आत्याचा नंबर सर्व याद्यांतून पुसण्याचा आदेश तिन्ही पुरवठादारांना द्यावा व त्यांची चौकशी करावी. उत्तर टपालाने पाठवावे, कारण माझा फोन लागणार नाही. काम कितीही तातडीचे असले तरी आत्याच्या नंबरावर करू नये. तो अजून जगात न आलेल्यांसाठी मोकळा ठेवायचा आहे.

आपली नम्र,
(सही)
घड्याळजींची एकमेव वारस
दिनांक : पाकिटावरील शिक्क्याप्रमाणे

सोबत :
ओळखपत्राची प्रत (माझ्या).
साहेबांच्या ड्रॉवरमधल्या अहवालाची माझ्याकडील प्रत.
घड्याळजींच्या मृत्यूचा दाखला जोडलेला नाही. आत्या म्हणते, जन्माचा असता तर तिने स्वतः आणून दिला असता.