वीस टोकदार गोळ्यांचा डबा

मी, केझाया रोनिंग, वय सव्वीस, राहणार शोटो, मोंटाना, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे माझ्या हाताने लिहिते. पुढच्या मंगळवारी बिलिंग्जच्या इस्पितळात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. मला काळजीला कारण लागत नाही, हे घरी सगळ्यांना ठाऊक आहे.

१. माझी बचत आणि पिकअप गाडी आईला. गाडीचा दुसरा गिअर अडकतो. शिवी दिली की पडतो. आईने नुसतं ‘देवा रे’ म्हटलं तरी चालेल.

२. माझं खोगीर चुलतबहीण लर्लीनकडे तीन वर्षं आहे. ते तिलाच द्यावं. फक्त तिने आता ‘उसनं आणलंय’ म्हणणं थांबवावं.

३. काडतुसं भरायचं यंत्र आणि बंदुकीची दारू मोजायचा तराजू माझा भाऊ जोथम याला. मी शाळेत गेले नाही. आईने अपूर्णांक मला याच तराजूवर शिकवले. अकराव्या वर्षापासून घरची काडतुसं मी भरत आले आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावत आले. एक डबा सोडून.

४. पुढचा मजकूर ~~माझ्या मृत्यूनंतर~~ आज दुपारी, मी स्वतः, बाबांच्या जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर वाचावा.

आमच्या लिव्हर ओढून चालवायच्या रायफलीत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकापुढे एक झोपतात. मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडावर, नेमकं ठिणगीच्या टोपीवर टेकतं. म्हणून गोळी चपट्या तोंडाची हवी. टोकदार असली, तर बार काढल्याच्या धक्क्याने ती टोपीवर आपटून नळीतच स्फोट होऊ शकतो. आमच्या घरात हे पोरं बाराखडीआधी शिकतात.

पण टोकदार गोळी लांबवर सरळ जाते. एकोणिसाव्या वर्षी मी कोष्टकं मांडून ते ताडून पाहिलं आणि स्वतःवरच खूष झाले. अशी वीस काडतुसं भरली. एक घोड्यासमोर, एक खालच्या नळीत, तिसरं कधीच नाही, म्हणजे टोक कुठल्या टोपीवर टेकणारच नाही, असं ठरवलं होतं. तसं डब्यावर लिहायचं होतं. आईने जेवायला हाक मारली. मी उठले.

दुसऱ्या दिवशी जोथमने तो डबा नेला, न बघता नळी भरली आणि हरणावर पहिलाच बार काढला. नळी फुटली. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

मी काडतुसं भरायचे त्याच बाकावर आईचा भाऊ, ऑर्विल मामाही काडतुसं भरायचा. बाबा त्याला म्हणाले, “तुझंच हे धांदरट काम! माझ्या दारात पाऊल टाकू नकोस.” मामा म्हणाला, “असेल भाऊजी. मला आठवत नाही, पण असेल.” मी तिथेच जोथमसाठी पट्ट्या फाडत उभी होते. उरलेली काडतुसं मी टेटन नदीत टाकली. मामाने त्यानंतर सात वर्षांत एकही काडतूस भरलं नाही.

डबा माझा होता. मामाचा काही दोष नाही.

५. ऑर्विल मामाला मी काही ठेवत नाही. तो या कागदाचा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराने काही घेऊ नये असं मला वाटतं, आणि द्यायला तोंडही नाही.

खाडाखोडीबद्दल: कलम चारमधली खाडाखोड माझीच आहे. साक्षीला आलेल्या शेजारच्या व्हर्नाबाई म्हणाल्या, “मला वाचायचं नाही गं, सही कुठे ते दाखव.” मामाने मात्र चष्मा काढून पुसला आणि कलम चार दोनदा वाचलं.

“म्हणजे मी नव्हतो?”

“नाही, मामा.”

“सात वर्षं मी स्वतःच्या हातांकडे बघतोय, केझी.” त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाला, “मेल्यावर वाचून काय उपयोग? मेलेल्या पोरीवर तुझा बाप ओरडणार आहे थोडाच? आज वाच. मी येतो बरोबर. बाहेर ओसरीवर थांबतो, आत बोलावलं तर येईन.”

म्हणून शब्द बदलले. बाबा साडेबाराला जेवतात. आत्ता बारा वाजले आहेत.

ठिकाण: शोटो. तारीख: ७ ऑक्टोबर २०१८.

सही: केझाया रोनिंग

साक्षीदार:
१. व्हर्ना स्टॅगर, शेजारीण
२. ऑर्विल टेग, मामा