कोरडी गादी

१ मार्च १९३६, अकोला
मोर्शीहून आज खुशालमामांकडे पोचले. बैलगाडी उलटून कंबर मोडली तेव्हापासून पाय हलत नाहीत. इथे डॉक्टर जवळ, म्हणून आईने पाठवलं. खिडकीतून मामांचा मोर्णेकाठचा वांग्यांचा मळा दिसतो. पार्बतामामींनी गरम भाकर-झुणका वाढला, वेणी घातली. सुभद्रामावशी, मामांची धाकटी बहीण, हिचेही पाय गेले होते. ती याच खोलीत असायची. मागल्या उन्हाळ्यात वारली. तिच्या बाजेवर माझ्यासाठी नवी गादी घातली आहे. किती माया!

४ मार्च
सकाळी गादी ओली. कमरेखालचं मला कळतच नाही. पदर तोंडावर ओढून पडून राहिले. मामी म्हणाल्या, "लाज कायची वं, पोरी?" पण चादर वाळत घालताना शेजारणीकडे बघून हसल्या.

९ मार्च
डॉक्टर म्हणाले, पाणी तोडू नका. दिवसा भरपूर पाजा, ठरल्या वेळी भांडं द्या, गादीवर मेणकापड घाला. ते गेले आणि मामींनी उशाचा पाण्याचा तांब्या उचलून नेला. मी अडवलं नाही. कोरडी गादी मलाही हवी होती.

१४ मार्च
कालपासून पाण्याचा थेंब नाही. तरी गादी निथळते आहे. माझं लुगडं मात्र कोरडं! ओल माझ्या शेजारी, कुशीवर कुणी झोपावं तेवढी. मामी कडाडल्या, "चोरून पानी पेऊन राहिली तू!" शरमेने मी हो म्हणून टाकलं.

१६ मार्च
भर दुपारी कानाशी कुणी पुटपुटलं, "वयनी, घोटभर पानी दे वं." मामींनीही ऐकलं. उंबऱ्यातच बसल्या. "सुभद्रा..." म्हणाल्या. "मी तिले पानीच देलं नाई. रोज गादी धुवा लागे. चैतात गेली. तिची जीभ—" पुढे बोलवेना.

१७ मार्च
मामी रडत तांब्या घेऊन आल्या. ओठांना लावला — रिकामा. घोट उतरल्याचा आवाज माझ्या शेजारून. पुन्हा भरला. पुन्हा —

दुपार
अख्खी घागर — तीही. बाजेखाली पाण्याचं थारोळं. जीभ टाळूला चिकटली — मामी विहिरीवर — शेजारची गादी दबते आहे, माझ्याकडे वळते आहे — आवाज फुटत नाही, म्हणून लिहून तिच्यापुढे धरते — मावशी, लाज सोडून मागते, एक घोट मले —