राजकुमारने पुस्तकं वाटली नाहीत

३ फेब्रुवारी, सोमवार

राजकुमार राठोड आज पुन्हा अभ्यासिकेत! खिडकीजवळची तीच खुर्ची, टेबलावर तीच पाण्याची बाटली. नायब तहसीलदार झालेल्या माणसाचं दिग्रसच्या अभ्यासिकेत काय काम? सरळ विचारलं. म्हणे, "ऑर्डर याची हाय. घरी करमत नाही."

करमत नाही म्हणे! माझी निवड झाली ना, तर मी या गल्लीकडे ढुंकूनही पाहणार नाही. आणि ऑर्डर यायची कशी राहिली? त्याच निकालात आमच्या अभ्यासिकेतली साधना निघाली. ती ट्रेनिंगला गेलीसुद्धा.

चौकात मेडिकलच्या वर त्याचा बॅनर अजून आहे. कोटातला फोटो, मागे निळं निळं काहीतरी — स्टुडिओचा पडदा असणार. खाली शुभेच्छुक म्हणून त्याचे काका पूनमसिंग आणि अर्धा तांडा. बापू दिग्रसला आले की आधी बॅनरखाली उभे राहतात, मग मला भेटायला येतात. होणारा जावई ना! वैशाखात माझ्या धाकट्या बहिणीशी, ममताशी त्याचं लग्न आहे.

६ फेब्रुवारी

त्याने पुस्तकं वाटली नाहीत!

आज एकदम लक्षात आलं. आमच्या अभ्यासिकेची रीत आहे — ज्याची निवड होते तो पेढे देतो आणि आपली सगळी पुस्तकं मागे राहिलेल्यांना वाटून टाकतो. साधनाचं अर्थशास्त्र माझ्याकडे आलं. तिच्या पेन्सिलीच्या खुणांवरच माझा अभ्यास चाललाय. राजकुमारने हार घेतले, "जिद्द सोडू नका" म्हणून भाषण ठोकलं, पेढेही दिले. पुस्तकं मात्र एकही नाही. तेव्हा मला वाटलं, चिकट आहे मेला.

आता तसं वाटत नाही.

७ फेब्रुवारी

त्याच्या पेपरच्या आड चालू घडामोडींचं मासिक. तेही या महिन्याचं! मी मागून गेले तर पटकन पेपर ओढला.

९ फेब्रुवारी, रविवार

घरी गेले होते. आईला, याडीला म्हटलं, पोराची जरा नीट चौकशी करा. भाकर थापता थापता तिचा हात थांबला. "तुह्या आधी तिचं जमलं म्हणून पोटात दुखून राह्यलं का तुह्या?" बापू ओसरीवर ऐकत होते. ते उठून शेताकडे निघून गेले. तेच जास्त लागलं.

दुखतं थोडं. का दुखू नये? मी इतकी वर्षं पुस्तकात डोकं घालून बसले आणि बारावीनंतर घरी बसलेल्या ममताला साहेब मिळाला. पण म्हणून माझे डोळे फुटलेत का?

ममता तेवढी जीव लावणारी. निघताना दशम्या बांधून दिल्या. "तू कायले टेन्शन घेतं रंजू, अभ्यास कर." बिचारी! लग्नानंतर काही उघडं पडलं तर ही कुठे तोंड दाखवेल?

१२ फेब्रुवारी

निकालाची यादी परत पाहिली. राजकुमार राठोड, आहे नाव. पण आमच्याकडे एकेका तांड्यात दोन-तीन राजकुमार राठोड निघतील. नंबर कोणी पाहिला? नाव दिसलं आणि ढोल आणला!

१४ फेब्रुवारी

आज सापळा लावला. त्याला म्हटलं, मुलाखतीत काय काय विचारलं, सांगा ना मला, उपयोग होईल. वाटलं, अडखळेल. पण त्याने सगळं सांगितलं. घसा बसला, पाणी मागितलं, पाणी पिताना कोटावर सांडलं. खोटं बोलणारा माणूस आपली फजिती कशाला सांगेल?

म्हणजे मीच वाईट. याडी म्हणते तेच खरं असेल. लाज वाटली स्वतःची. उद्यापासून फक्त राज्यव्यवस्था!

१९ फेब्रुवारी

राज्यव्यवस्थेचं एक प्रकरण झालं नाही. सारखं लक्ष खिडकीकडे.

२५ फेब्रुवारी

साधनाला फोन केला. सहज विचारल्यासारखं विचारलं, आमचा राजकुमार कधी येणार तुमच्यात? ती हसायला लागली. "राजकुमार राठोड? तो तर पहिल्या दिवसापासून हाय इथं. वाशिमकडचा. चष्मा लावते तो."

आपला नाही लावत चष्मा.

फोन ठेवला. मी बरोबर होते! पण आनंद कसला? ममताच्या हळदीच्या साड्यासुद्धा आणून झाल्यात.

२६ फेब्रुवारी

बसस्टँडसमोरच्या टपरीवर त्याला गाठलं. साधनाशी बोलले, एवढंच म्हणाले. त्याने चहा खाली ठेवला. नाकारलंसुद्धा नाही!

"मुलाखत खरी व्हती. यादीतला मी नाही. मी सांगणारच व्हतो, पण तवरिक काकानं बॅनर लावला. ढोल वाजवत नेलं मले. मंग रोज वाटे, उद्या सांगतो." आता मेच्या परीक्षेत निघालो तर खोटं राहणारच नाही, असं त्याचं गणित. पुस्तकं त्यासाठीच ठेवलीत.

मी म्हटलं, रविवारी मी बापूंना सांगणार. तो मान खाली घालून म्हणाला, "सांगा. पण ममताले काही म्हणू नका."

ममताला मी काय म्हणणार? फसवली गेली ती! याला बोलायचं भानच नाही.

१ मार्च

बापूंना फोनवर म्हटलं, उद्या येते, एक सांगायचंय. ते काय करतील? लग्न मोडतीलच. साध्या पोराला मुलगी द्यायची नाही, हे त्यांनी चार माणसांत बोलून दाखवलंय. ममता रडेल. मलाच शिव्या देईल. देऊ दे. आज ना उद्या तिलाच पटेल.

२ मार्च, रविवार

चौकातला बॅनर उतरवला तो बापूंनी मागून घरी आणला — जावयाचा फोटो कशाला कुठे पडू द्यायचा! दुपारी ढग आले तसा तोच हरभऱ्याच्या ढिगावर टाकला. कोपरा धरायला मी गेले. एवढ्या जवळून पहिल्यांदाच पाहिला.

राजकुमारच्या खांद्यामागे निळं दार. दारावर चुन्याचे दोन पंजे. एक मोठा, एक लहान. मोठा माझा, लहान ममताचा. घर बांधलं तेव्हा आम्ही दोघींनी मागच्या दारावर उमटवले होते.

बापूंनी जावई पाहिला. दार कोण पाहतो!

ममता शेजारीच उभी होती. हळूच म्हणाली, "मुलाखतीच्या आधी मले कोट दाखवाले आलता. म्याच काढला फोटो. निकालाच्या दिवशी रडत आला, यादीतला मी नाही म्हणे. म्या म्हणलं, गप राय. न् फोटो त्याच्या काकाले धाडून देला. तसाच राह्यला असता तर बापूनं देली असती का मले?"

सगळ्यांवर संशय घेतला मी. हिच्यावर नाही.

ओसरीवरून बापूंनी आवाज दिला, "रंजू, काय सांगाचं व्हतं वं तुले?"

काही नाही, मी म्हणाले. आणि बॅनर उलटा करून टाकला, फोटो खाली गेला.